मिठाच्या पाण्यातले भाडेकरू

सुकापूरला भाड्याने घर बघायला गेलो तेव्हा मालकाने मला नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, घरात मच्छी शिजते का हेही विचारलं नाही. पत्र्याच्या खुर्चीवर बसून, गळ्यातल्या दोरीला बांधलेलं भिंग एका डोळ्याला लावून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वडील काय करायचे?"

"शाळेत शिपाई होते."

"त्यांचे वडील?"

"थोडी शेती. बाकी भजन."

"आईचे वडील?"

मी म्हटलं, "काका, दोन खोल्या भाड्याने पाहिजेत. सोयरीक नाही जुळवायची."

ते हसले नाहीत. भिंग माझ्या बायकोकडे वळलं. माधवीने न विचारताच माहिती पुरवली. वडील इंजिनियर, दोन्ही काका इंजिनियर, भाऊ इंजिनियर, आणि एक मामा इंजिनियर नव्हता, पण त्याचं घरात कुणी नाव काढत नाही. मग भिंग खाली उतरलं आणि आमच्या मुक्तासमोर थांबलं. मुक्ता तेव्हा पाचवीत होती. काचेआडचा तो प्रचंड डोळा तिने नीट निरखला आणि विचारलं, "मी पण तुम्हाला एवढी मोठी दिसते का?"

"कोनावर गेलीय?" त्यांनी आम्हाला विचारलं.

"माझ्यावर," माधवी म्हणाली. "गणित सोडून. गणितात ह्यांच्यावर गेलीय."

मालकांनी कानामागची पेन्सिल काढून वहीत काहीतरी लिहिलं आणि आम्हाला तिसरा मजला दिला.

त्यांना सगळी बिल्डिंग नाना म्हणायची. बिल्डिंग जिथे उभी होती तिथे पूर्वी त्यांचंच भात होतं, आणि नानांचा जन्मही भातातच गेला होता. वडील उरणकडच्या मिठागरावर मजूर. नाना मात्र तरुणपणी खाऱ्या जमिनीत भात पिकवायच्या एका सरकारी शेतावर रोजंदारीने लागले आणि तिथेच निवृत्त झाले. रोपं लावायची, फुटवे मोजायचे, कोणतं वाण खारं पाणी सोसतं ते टिपून साहेबांना द्यायचं. निवृत्तीनंतर सरकारने त्यांना सोडलं, त्यांनी मात्र शेत सोडलं नाही. फक्त वाफ्यात भाताच्या जागी माणसं आली.

बारशाला गेले की पाळण्यात वाकून भिंगातून बघायचे आणि "दाना भरलाय" असा निकाल द्यायचे. आईबाप खूश. एका लग्नात नवरा डॉक्टर, नवरी सीए, सगळा मांडव कौतुक करतोय आणि नाना जिलेबी खाता खाता शेजारच्याला सांगतायत, "हायब्रीड हाय. पैल्या पिढीला जोर दिसंल, दुसरीला पडंल." शेजारचा नवरीचा बाप होता. स्वतःच्या मुलालाही सूट नव्हती. मुलगा उलव्याला वाळू-खडीच्या धंद्यात होता, तीन डंपर, मोठा बंगला. नाना म्हणायचे, "पैसा हाय. दाना नाय."

त्यांची दुसरी खोड म्हणजे कशावरही खरं नाव लिहायचं नाही. प्रयोगात वाणाचं नाव पाटीवर लिहिलं तर मोजणारा आवडत्या वाणाला झुकतं माप देतो, म्हणून तिथे फक्त आकडा लिहायचा आणि कुठला आकडा कोण, ती चिठ्ठी बंद पाकिटात ठेवायची. कापणी झाल्याशिवाय चिठ्ठी उघडायची नाही. हा नियम त्यांनी घरी आणला होता. बिल्डिंगच्या किल्ल्यांना आकडे लावलेले, पण सतरा नंबरची किल्ली पाण्याच्या टाकीची आणि चार नंबरची मीटरच्या खोलीची. एकदा टाकी भरून जिन्यातून धबधबा सुरू झाला. आम्ही पाचजण किल्ल्यांचा जुडगा घेऊन गच्चीच्या दाराशी झटतोय आणि नाना शांतपणे म्हणतायत, "चिठ्ठी ट्रंकेत हाय." ट्रंकेची किल्ली जुडग्यातच होती.

आमचं म्हणाल तर आम्ही तिसऱ्या मजल्यावर मजेत होतो. उजेड भरपूर, वारा भरपूर, आणि पुढे त्या बाजूने विमानं जायला लागली तेव्हा तीही सगळ्यांत आधी आम्हालाच दिसायची. फक्त लिफ्ट नव्हती. म्हणून तळमजल्यावरचं कुटुंब सोडून गेलं तेव्हा मी नानांना म्हटलं, "खालचं आम्हाला द्या. माझे गुडघे बोलायला लागलेत."

"तुमाला नाय देता येनार."

"का हो?"

नानांनी मला समोर बसवलं आणि बियाणं कसं निवडतात ते समजावलं. बादलीभर पाण्यात मीठ विरघळवायचं. त्यात भाताचं बियाणं ओतायचं, ढवळायचं आणि थांबायचं. भरलेला दाणा जड असतो, तो तळाला बसतो. पोचट दाणा वर तरंगतो. वरचं काढून टाकायचं, तळाचं धुऊन पेरायचं.

"बरं. मग?"

"तळमजल्यावर कोन व्हतं? दातांचे डॉक्टर, दोघं बी. पैल्या मजल्यावर कोन हाय? प्राध्यापक."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. दोन वर्षं मी ज्या उजेडाचं पाहुण्यांना कौतुक सांगत होतो तो गाळलेल्या पोचट दाण्यांचा उजेड होता.

"म्हणजे आम्ही तरंगतोय," मी म्हणालो.

"बाई अर्ध्यापर्यंत बसल्या असत्या," नाना समजूत घालत म्हणाले. "तुमी वर खेचलंत."

हे मी घरी सांगितलं तेव्हा माधवी इतकी हसली की तिने माहेरी फोन करून तिकडेही ऐकवलं. मला मात्र दुसराच प्रश्न पडला होता. नाना स्वतः राहायचे कुठे, तर गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत. मालक असून. एकदा विचारलंच.

"मी काय," ते म्हणाले, "मी तर वतल्याबरोबर वर आलो."

आणि त्यांनी आपल्या थोरल्या साहेबाची गोष्ट सांगितली. ती ते सगळ्यांनाच सांगायचे, आणि हसत सांगायचे. शेतावर लागले तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे. शेतकी शाळेचा अर्ज हातात घेऊन ते साहेबांसमोर उभे राहिले. साहेबांनी अर्ज बघितला आणि विचारलं, "बाप काय करतो?" नाना म्हणाले, "मिठागरावर हाय." साहेबांनी अर्ज परत दिला आणि म्हणाले, "मग मोजण्यापेक्षा तू उचलायला बरा." नाना पोती उचलायला लागले. मोजायला मिळालं ते बारा वर्षांनी, तेही मोजणारा माणूस आजारी पडला म्हणून.

"नजर बघा कशी," नाना कौतुकाने म्हणायचे. "माझ्याकडं एक डाव बघितलं आनि बियानं वळखलं."

या गच्चीवर मुक्ताने आपला संसार थाटला. शाळेतून आली की दप्तर फेकून वर. तिथे नानांनी रंगाच्या रिकाम्या डब्यांत भात लावलं होतं. बारा डबे, एकच बियाणं, माती मात्र चार तऱ्हेची. एक खाडीची खारी, एक नर्सरीतली विकतची, एक उलव्याला भरावासाठी आणलेली मुरमाड, आणि एक याच बिल्डिंगचा पाया खणताना निघालेली, त्यांच्या जुन्या शेतातली, जी त्यांनी पोत्यांत भरून जपली होती. त्यांना एवढंच सिद्ध करायचं होतं की माती कुठलीही द्या, बियाणं आपलं तेच बोलतं. साहेबांची नजर बरोबर होती, हे त्यांना म्हातारपणी स्वतःच्या हाताने दाखवायचं होतं. डोळे मात्र भिंगालाही दाद देईनात, म्हणून मोजणी मुक्ताकडे आली.

ती फुटवे मोजायची, डब्यांची सरासरी काढायची, आणि मग त्यांचं भांडण व्हायचं.

"खाऱ्या मातीत सहा फुटवे आणि तुमच्या शेतातल्या मातीत चौदा," मुक्ता सांगायची.

"चुकलीस. पुन्ना मोज."

"तीनदा मोजलं नाना."

"बियानं एकच हाय. एवडा फरक नाय पडायचा."

"मग बियाण्याला सांगा. मला काय सांगता?"

गणितात काठावर पास होणारी आमची मुलगी सरासरीवरून सत्तर वर्षांच्या माणसाशी भांडत होती आणि आम्ही खाली बसून "ही गणितात कोणावर गेली" यावर तेच ते विनोद करत होतो. सगळ्यांत जास्त मीच. मुक्ता आठवीत गेली तेव्हा तिच्या बाईंनी तिला बोलावून सांगितलं, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बस, तुझं गणित सुधारतंय. ती तीन जिने धावत चढून आली आणि आमचं दार ओलांडून तशीच गच्चीवर गेली. आधी नानांना सांगितलं, मग आम्हाला.

त्याच महिन्यात टाय लावलेला एक माणूस आला.

बिल्डिंगखाली गाड्या लावायच्या जागेत त्याने टेबल मांडलं, मागे फलक लावला. मुलांच्या दहा बोटांचे ठसे द्या, जन्मजात बुद्धिमत्तेचा रंगीत अहवाल घ्या. मूल पुढे काय होणार हे बोटांवर जन्मापासूनच छापलेलं असतं, असं तो म्हणाला. बायका भोवती जमल्या. सगळ्यांत पुढे खुर्ची टाकून नाना. आयुष्यभर ते जे सांगत आले ते कुणीतरी टाय लावून सांगत होता. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, आता टायवाल्यालाही तळमजला मिळणार.

अर्ज घरी नेऊन भरायचा होता. मुलाचं नाव, वय, शाळेतले गुण, वडिलांचा व्यवसाय, आईचं शिक्षण आणि खाली दहा चौकोन. नानांनी नातवंडांसाठी म्हणून दोन अर्ज जास्त मागून घेतले आणि माधवीला म्हणाले, "मुक्ताचा फारम माझ्याकडं द्या. ठसे मी घेतो. तुमी पुसट घ्याल." मुक्ता गच्चीवरून दहा काळी बोटं घेऊन खाली आली आणि तिने सगळ्या घरातल्या भिंती तपासल्या.

दोन आठवड्यांनी अहवाल आला. जाड कागद, रंगीत गोल. माणसांत मिसळण्याचा गोल मोठा, नाचाचा मोठा, आणि गणिताचा गोल एवढासा. खाली लिहिलेलं, या बालकावर गणिती विषयांचा ताण देऊ नये.

मी काय केलं ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. मी हसलो. म्हटलं, "घ्या, छापील पुरावा. माझ्यावरच गेलीय."

माधवी हसली नाही. तिने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "उगाच तिला कशाला दमवायचं? तो परीक्षेचा फॉर्म नको भरायला."

मला वाटलं मुक्ता भांडेल. सरासरीसाठी भांडणारी मुलगी. ती फक्त म्हणाली, "तसंही माझ्यात ते नाहीच आहे ना. छापून आलंय." आणि त्या दिवसापासून तिने गच्चीवर जाणं बंद केलं. शाळेतून यायची, पलंगावर बसायची. अभ्यासाला बस म्हटलं की गणिताचं पुस्तक दप्तराच्या तळाशी सरकवून भूगोल काढायची. मी दोन-तीन विनोद करून पाहिले. माझेच विनोद मला ऐकू यायला लागले.

असे दहा-बारा दिवस गेले. एका गुरुवारी संध्याकाळी जिन्यात नानांनी मला अडवलं. "मोजनीवाली कुठं हाय? लोंब्या आल्यात. कोन मोजनार?"

मी सांगितलं. अहवाल, गोल, परीक्षा, सगळं. नाना भिंतीला टेकले. 

"फारम कवा हाय?"

"उद्या शेवटचा दिवस. पण आता भरत नाही आहोत."

"उद्या," नाना म्हणाले. "आनि भात व्हायला वीस दिवस हायत." आणि ते वर निघून गेले. मला वाटलं, म्हातारा आपल्या भाताच्याच नादात आहे.

सकाळी सातला बेल वाजली. दारात नाना. तीन वर्षांत ते आमच्या घरात कधी आले नव्हते. बगलेत भाताची मोठी पेंढी, हिरवीगार, लोंब्यांत अजून दूध. दुसऱ्या हातात एक बंद पाकीट. त्यांनी पेंढी आमच्या टीपॉयवर ठेवली. बाराच्या बारा डबे कापले होते.

"अहो नाना, हे हिरवं का कापलंत?" माधवी म्हणाली.

"कापनी झाली," नाना म्हणाले. "आता चिठ्ठी उघडता येती. पोरीला बोलवा."

मुक्ता डोळे चोळत आली आणि पेंढी बघून तिची झोप उडाली. "माझी मोजणी राहिली होती," ती म्हणाली.

"र्‍हाऊ दे. बस इथं."

नानांनी पाकीट फोडून दोन रंगीत अहवाल काढले, आमच्याकडचा मुक्ताचा मागून घेतला आणि तिन्ही ओळीने मांडले. पहिला मुक्ताचा. दुसरा एका मुलाचा, गणिताचा गोल ताटाएवढा, खाली लिहिलेलं, शास्त्रज्ञ किंवा संशोधक. तिसराही मुलाचाच, वय तेरा, खाली लिहिलेलं, हाताची व मेहनतीची कामे जमतील.

"आमी शेतावर नवी लॅब आली की खरं बियानं कदी पैल्या फेरीत पाठवायचो नाय," नाना म्हणाले. "एकच दाना तीन पिशव्यांत भरायचा. तीन नावं लावायची. लॅब तिन्ही डाव एकच बोलली तर शानी. मग खरं बियानं द्यायचं. मुक्ताची बोटं माझ्या ट्रंकेत हायत. ती पाठवलीच नाय."

"मग ही कोणाची?" मी तिन्ही कागदांकडे बोट दाखवलं.

नानांनी दोन्ही पंजे पुढे केले. मिठाने आणि चिखलाने भेगाळलेली, नखं झिजलेली सत्तर वर्षांची दहा बोटं. "मुक्ताच्या नावानं माझी. डॉक्टरच्या पोराच्या नावानं माझी. असा पोरगाच नाय. आनि हा तिसरा," त्यांनी त्या कागदावर बोट ठेवलं, "हा मीच. तेराव्या वर्षाचा. बापाच्या रकान्यात खरं तेच लिवलं, मिठागरावर मजूर."

 मुक्ताने तिन्ही कागद जवळ ओढले आणि आधी गोल नाही, वरचे रकाने वाचले. गुण आणि आईचं शिक्षण तिन्हीकडे सारखंच. वडिलांचा व्यवसाय, पतसंस्थेत कारकून. तो मी. वडिलांचा व्यवसाय, डॉक्टर. वडिलांचा व्यवसाय, मजूर.

"नाना," ती म्हणाली, "बोटं सारखीच आहेत. बाबा तेवढे बदललेत."

"व्हय," नाना म्हणाले. "बोटं कोनी बघितलीच नाय. पिशवीवरची चिठ्ठी वाचली." त्यांनी तिसरा कागद हातात घेतला, भिंग लावलं, आणि तो शेवटचा शेरा बराच वेळ वाचत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेबांनी पन चिठ्ठीच वाचली असंल. न्हाय का?"

मी टीपॉयवर सांडलेल्या लोंब्या गोळा करायला लागलो.  

माधवी उठली. तिने तिसरा कागद नानांच्या हातातून हळूच काढून घेतला, त्यांना चहा दिला, आणि साडी बदलून मुक्ताबरोबर शाळेत गेली. फॉर्म भरला. येताना टायवाल्याच्या नंबरावर फोन करून तिने त्याच्याशी जे संभाषण केलं ते तिच्या माहेरच्या एकाही इंजिनियरला जमलं नसतं. ते सगळं त्या नाव न काढायच्या मामावर गेलं असावं.

मुक्ताला शिष्यवृत्ती मिळाली का? नाही. थोडक्यात हुकली. पण आता ती अकरावीत आहे, गणितात बरी आहे, वर्गात पहिली वगैरे काही नाही. आणि बियाणं श्रेष्ठ की माती, हे त्या वर्षी गच्चीवर ठरलंच नाही. मी विचारलं तेव्हा नाना वैतागून म्हणाले, "हिरवं कापलं, आता काय ठरनार? वरीस फुकट गेलं." वैताग खरा होता. कुणावर उपकार केल्याचा आव मात्र त्यांनी आणला नाही.

पुढे तळमजला पुन्हा रिकामा झाला. एक रिक्षावाला बायको आणि दोन मुलं घेऊन घर बघायला आला. मी जिन्यात उभा राहून मुद्दाम ऐकत होतो. नानांनी भिंग डोळ्याला लावलं आणि सुरुवात केली, "वडील काय..." मग खोकले. भिंग खाली सोडलं. भिंगाशिवायच पोरांकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "पोरं जेवत्यात ना बरोबर?" त्यांना तळमजला मिळाला. मी लगेच पुढे झालो आणि म्हटलं, "नाना, माझे गुडघे?"

"तुमचं बियानं मी सोता तपासलंय," ते म्हणाले. "तुमी वरच बरे."

मागच्या वर्षी आम्ही करंजाड्याला स्वतःच्या घरात आलो, चौथ्या मजल्यावर, लिफ्टसकट. सामान टेम्पोत चढत असताना नाना गच्चीवरून उतरून आले आणि मुक्ताच्या हातात कापडी पिशवी दिली. आत मूठभर भाताचं बियाणं. तिने पिशवी उलटसुलट करून पाहिली. नाव नाही, आकडासुद्धा नाही.

"कुठलं वाण आहे नाना?"

"चिठ्ठी नाय केली," नाना म्हणाले.

तिने ते बाल्कनीत रंगाच्या दोन डब्यांत लावलंय. आता कमरेएवढं आलंय. परवा समोरच्या फ्लॅटमधल्या बाई बघायला आल्या होत्या. त्यांचा मुलगा हुशार आहे, असं त्या आल्या आल्या सांगतात. त्यांनी विचारलं, "कुठल्या जातीचं गं हे भात?"

मुक्ता फुटवे मोजत होती. मोजणी न चुकवता, वर न बघता ती म्हणाली, "कापणी होऊ दे काकू. मग बघू."